शेवटची आठ मिनिटं

कॉफी सांडली तेव्हा हेल्गा स्टेफनसनला आधी वाटलं, चूक आपलीच. मॅचच्या दिवशी, मॅचच्या आधी, क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्या पारख्याने त्यांच्याशी बोलायचं नसतं. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण बत्तीस वर्षं तिने ते पाळलं होतं. आज आइस हॉकीच्या रिंकच्या बाजूच्या दारासमोरच्या कॉफीच्या दुकानात तो रांगेत उभा दिसला, कानावरून खाली ओढलेली लोकरीची टोपी, थोडे पुढे झुकलेले खांदे, आणि तिचे पाय आपोआप तिकडे गेले. ती त्याच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर थांबली. "डेरेक," असं नेहमीच्या आवाजात म्हणून तिने त्याच्या कोपराला दोन बोटं लावली. आणि सहा फूट तीन इंचांचा तो माणूस असा काही दचकला, की हातातला कप उडून तिच्या कोटाच्या बाहीवर आला. दुकानातली दोन-चार माणसं वळून बघायला लागली. डेरेकचा चेहरा क्षणभर पांढरा पडला होता, मग तो हसला, पूर्वीसारखाच, एका बाजूच्या पडलेल्या दाताची फट दाखवत. "अहो मिसेस एस! जीव घेताय का काय? वर्गात पण अशाच मागून यायचात. चिठ्ठी लिहिताना बरोब्बर पकडायचात."

"मागून नाही आले मी," ती म्हणाली. "बाजूने आले."

"तेच ते!" त्याने कागदी रुमालांची चळत उचलून तिची बाही टिपायला घेतली, मोठ्या हातांनी, फार काळजीपूर्वक. "कोट खराब केला मी तुमचा. आईला कळलं तर मारेल मला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या क्लबात बोलणं चाललंय ना? माझ्या दोन वर्षांच्या कराराचं?"

"मला काही बोलता येत नाही, तुला माहितीये."

"तुम्ही नका बोलू. मीच बोलतो, तुम्ही नुसत्या उभ्या राहा. धाकटी सप्टेंबरात शाळेत जाईल. सात वर्षांत सहा गावं झाली आमची. बायको, टॅरिन, म्हणते, आता एकदा पडदे लावले की परत काढायचे नाहीत." त्याने रुमालांचा बोळा कपात कोंबला. "छान लिहा हं, मिसेस एस." आणि तो गेला. दारातून बाहेर पडताना त्याचा डावा खांदा चौकटीला जरासा घासला. तिने ते पाहिलं आणि तेव्हा त्याचं काही केलं नाही.

रिंकमध्ये, अगदी वरच्या रांगेत, कोपऱ्यातल्या पारख्यांच्या बाकड्यावर बसल्यावर बाही गार पडायला लागली. कॉफीचा वास बर्फाच्या त्या कोऱ्या, किंचित धातूसारख्या वासात मिसळला. वास तिला सोडेना. नोंदवही उघडून तिने तारीख घातली, जानेवारी, रविवार, दुपारी एक. त्याखाली नाव : डेरेक हावरिलुक, बचावपटू, वय तेहतीस. त्याखाली उभी रेघ मारून दोन रकाने, डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे कच्च्या बाजू. एनार असताना ती अशीच रेघ मारायची. पारखी एनार होता, तिचा नवरा. क्लबचा पगार त्याला होता, सही त्याची होती. गाडी ती चालवायची आणि अहवाल ती लिहायची, कारण एनारला खेळ दिसायचा पण वाक्य सुचायचं नाही. तो म्हणायचा, "पोरगा बरा आहे." ती विचारायची, बरा म्हणजे किती, कशात, दहापैकी किती वेळा? शाळेत ती विज्ञान शिकवायची. मोजता येत नाही ते लिहायचं नाही, एवढी एक शिस्त तिने त्या धंद्यात आणली, आणि एनार गेल्यावर क्लबचा फोन आला तो याच शिस्तीसाठी. अहवाल कोण लिहीत होतं हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं म्हणे. त्याला आता नऊ वर्षं झाली.

आज सकाळीच ब्रेट कॅल्डरचा, क्लबच्या व्यवस्थापकाचा, फोन येऊन गेला होता. "हेल्गा, बाकी तिघं पारखी हो म्हणालेत. आमच्या कोवळ्या पोरांबरोबर एक जुनं हाड पाहिजे, बस. तुझा अहवाल सहाच्या आत पाठव, उद्या सकाळी कागद करतो. तू तर त्याला दातांना तार होती तेव्हापासून बघतेयस."

"म्हणूनच दुसऱ्या कुणाला पाठव म्हणत होते."

"म्हणूनच तुला पाठवतोय," ब्रेट म्हणाला होता. "तू नाही म्हणालीस तर मी नाही म्हणेन. एवढं सोपं आहे."

माणसाच्या डोळ्याला, मान न वळवता, सरळ समोर बघताना, बाजूला जवळजवळ नव्वद अंशांपर्यंतचं दिसतं. रंग कळत नाही, आकार धड कळत नाही, पण काहीतरी आहे, हललं, एवढं कळतं. हे ती नववीला खडू घेऊन शिकवायची. एका पोराला पुढे बोलवायची, नाकासमोर फळ्यावरच्या ठिपक्याकडे बघायला सांगायची, आणि बाजूने हळूहळू खडू पुढे आणायची. दिसला की हात वर कर. डेरेकचा हात सगळ्यांत आधी वर जायचा. पोरं ओरडायची, बाई, हा चोरून बघतोय. तो चोरत नव्हता. त्याचं दिसणंच तसं होतं, रुंद. त्याच्याबद्दल तिने लिहिलेल्या पहिल्या अहवालातलं पहिलं वाक्य तिला पाठ होतं : याच्या पाठीला डोळे आहेत. मोजून लिहिणाऱ्या बाईचं हे एकच न मोजलेलं वाक्य. आणि आज ती त्याच्या बाजूला हातभर अंतरावर, पुरत्या उजेडात उभी होती, लाल कोट घालून.

"काय गं स्टेफी, कॉफी प्यायची सोडून अंगाला लावायला लागलीस?" आर्मां लागासे धापा टाकत पायऱ्या चढून आला. सेंट बोनिफासचा, बहात्तर वर्षांचा, दुसऱ्या एका क्लबचा पारखी. गेली वीस वर्षं ती दोघं एकाच बाकड्यावर बसत आली होती आणि एकमेकांच्या वहीत एकदाही डोकावली नव्हती. त्याने सूर्यफुलाच्या बियांची पिशवी मध्ये ठेवली, टरफलं थुंकायला कागदी पेला पायाशी ठेवला, आणि गुडघे चोळत खाली डेरेककडे बघितलं. "तुझा हॅव्ही आलाय बघ. पाय गेले त्याचे."

"पाय कधी नव्हतेच त्याचे. डोकं होतं."

"होतं?" आर्मां म्हणाला. त्याने बी दातात फोडलं.

खेळ सुरू झाला आणि तिची नजर सवयीने काळ्या रबरी चकतीवरून उठली. लोक चकतीकडे बघतात, पारखी माणसाकडे. डेरेक उजव्या बाजूला खेळत होता. आयुष्यभर तो डावा बचावपटू. काठी डावीकडून धरणारा, डाव्या भिंतीलगत वाढलेला. या मोसमात, डिसेंबरपासून, तो उजवीकडे खेळायला लागला. बाकी तिघांच्या अहवालांत ते जमेच्या रकान्यात आलं होतं, आणि तिनेही घरून निघतानाच वहीत डावीकडे लिहून ठेवलं होतं : दोन्ही बाजूंनी खेळू शकतो. तेहतिसाव्या वर्षी नवी बाजू शिकणं म्हणजे थोडं नव्हे. पहिल्या दहा मिनिटांत तिने आणखी चार गोष्टी लिहिल्या. अंगात ताकद आहे, गोलासमोरची जागा सोडत नाही. पास साधा आणि वेळेवर. काठीची लांबी वापरून समोरच्याला बाहेर ढकलत नेतो. सहकाऱ्यांशी सतत बोलतो. या शेवटच्या वाक्यापाशी तिची पेन्सिल थांबली. बोलत होता तो त्याचा जोडीदार. लिंडक्विस्ट, तिशीचा शांत स्वीडिश माणूस. एरवी मॅचभर तोंड न उघडण्यासाठी प्रसिद्ध. आज तो सारखा ओरडत होता. इतक्या वरूनही, गर्दी कमी असल्यामुळे, ऐकू येत होतं. "डावी! हॅव्ही, डावी! डावीवर एक!"

चकती आपल्या कोपऱ्यात गेली की बचावपटूला पाठमोरं होऊन तिच्यामागे धावावं लागतं. त्या चार सेकंदांत सगळा खेळ त्याच्या पाठीमागे असतो, आणि त्या खेळातला एक गडी वेगाने त्याच्याच अंगावर यायला निघालेला असतो. म्हणून चकतीला हात घालायच्या आधी तो एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघतो, एकदा डाव्या. सहा वर्षांच्या पोरांना हे शिकवतात. तिने वहीच्या शेवटच्या पानावर दोन अक्षरं लिहिली, उ आणि डा, आणि काड्या मारायला सुरुवात केली. तीन डावांतला पहिला संपला तेव्हा उ च्या पुढे सात काड्या होत्या. डा च्या पुढे काही नव्हतं.

ती आकडा बघत बसली. सातमध्ये योगायोग असू शकतो. वर्गात ती म्हणायची, सात वेळा नाणं उडवून छापा पडला तर नाण्याला दोष देऊ नका, पण आठव्यांदा उडवा. खाली यंत्राने बर्फ घासत होते, ओलं चकचकीत पाणी पट्ट्यापट्ट्यांनी पसरत होतं, आणि त्या पाण्याकडे बघताना तिला उजवी बाजू समजली. समजली म्हणजे आकृतीच डोळ्यांपुढे आली, फळ्यावर काढल्यासारखी. डावा बचावपटू पाठमोरा होऊन आपल्या कोपऱ्याकडे धावतो तेव्हा भिंत त्याच्या उजव्या हाताला असते, आणि सगळं मैदान, सगळी माणसं, डाव्या हाताला. उजव्याचं नेमकं उलट. डेरेकने बाजू शिकली नव्हती. त्याने भिंत डाव्या हाताला घेतली होती, कारण भिंत हलत नाही, अंगावर येत नाही, तिला बघावं लागत नाही. तिने वहीत मागे जाऊन 'दोन्ही बाजूंनी खेळू शकतो' या ओळीवर पेन्सिल टेकवली, आणि खोडायचं की दुसऱ्या रकान्यात न्यायचं हे न कळून तशीच धरून ठेवली.

नोव्हेंबरात त्याला मार बसला होता हे सगळ्यांना माहीत होतं. खांद्याला म्हणून आठवडाभर बाहेर, मग परत. "तो परत येतो" हे त्याच्याबद्दल पंधरा वर्षं सगळे म्हणत आले होते. कौतुकाने. पहिल्यांदा ते लिहिलं कुणी, हे तिला चांगलं माहीत होतं.

फेब्रुवारी होता, असाच रविवार, दुपारची मॅच, नीपावा गावच्या जुन्या रिंकवर. ती आणि एनार डॉफिनहून आले होते. डेरेक डॉफिनच्या संघात, बारावीत, तिच्याच वर्गात. एनारचा एक नियम होता आणि तो सगळ्याच पारख्यांचा असतो : आठ मिनिटं उरली की उठायचं. गाड्यांची रांग लागायच्या आत रस्त्याला लागायचं. आठ मिनिटांत माणूस बदलत नाही, तो म्हणायचा, आणि मैदानी प्रदेशात वादळाच्या दिवशी पाच क्रमांकाच्या रस्त्यावर अंधार पडायच्या आत असलेलं बरं. मक्रीअरीच्या पुढे मूस हरणं रस्त्यावर येतात. ती उठली. पायऱ्या उतरताना मागे लोकांचा मोठा 'ओह' ऐकू आला, तो तिला अजून आठवतो, आणि एनारने दार तिच्यासाठी धरून ठेवलेलं आठवतं, बाहेरची हवा, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतानाचा आवाज. सोमवारी संध्याकाळी एनारने प्रशिक्षकाला फोन लावला. फोनमधून येणारा आवाज तिला टेबलापलीकडे ऐकू येत होता. "शेवटी जोरात आपटला रे पोरगा. भिंतीवर. पण उठला! स्वतःच्या पायांनी उठला, शेवटपर्यंत खेळला. उद्या पण खेळतोय." एनारने तिच्याकडे बघून अंगठा वर केला. तिने लिहिलं : जबर मार खाऊनही खेळ सोडत नाही. ही याची सर्वांत मोठी जमेची बाजू. त्या उन्हाळ्यात क्लबने त्याला निवडलं.

एनारच्या अंत्यविधीला ओल्गा हावरिलुक, डेरेकची आई, दोन मोठे डबे भरून पिरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, घेऊन आली होती. चर्चच्या तळघरात, विनारटेर्टा या थरांच्या केकचे पातळ काप करून ताटात लावताना, दोघीच होत्या. ओल्गा म्हणाली, "एनारनी फार केलं गं आमच्या पोराचं." मग सुरी पुसत, "एक सांगू? ती नीपावाची मॅच. बसमध्ये नको म्हटलं, माझ्या गाडीत घेतलं त्याला. वाटेतलं सेंट रोझ येईपर्यंत त्याने मला तीनदा विचारलं, बाबा कुठायत. तीनदा. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. पहिल्या वेळेला मी रडले, दुसऱ्या वेळेला सांगितलं, तिसऱ्या वेळेला म्हटलं घरी आहेत." हेल्गाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "डॉक्टरकडे नाही नेलंस?" ओल्गाने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. "तुम्ही दोघं आला होतात ना बघायला. वर बसला होतात. मला वाटलं, त्यांनी तर सगळं बघितलंय, त्यांना काही वाटलं असतं तर बोलले असते. मास्तरीणबाई आहेत, त्यांना कळतं."

दुसऱ्या डावात सहा काड्या. डा च्या पुढे कोरं. तेरा. आर्मांने सुपाचा थर्मास उघडला, मटारच्या सुपाची वाफ आली. झाकणात ओतून त्याने तिच्यापुढे धरलं. "घे. पांढरी पडलीयस."

"आर्मां, तू हॅव्हीला किती वेळा बघितलंस या वर्षी?"

"चारदा. का?"

"काही वेगळं वाटलं?"

आर्मांने सूप ढवळल्यासारखं केलं. "ए पोरी," तो म्हणाला, "वीस वर्षं झाली, आपण असलं विचारलं नाही कधी एकमेकांना."

ते खरं होतं. तिने सूप घेतलं. आणि ते पिताना, इतकी वर्षं ओल्गाच्या गोष्टीच्या मागे दाबून ठेवलेली दुसरी एक गोष्ट वर आली. ओल्गाने सांगितलं ते तिने पाहिलं नव्हतं, आणि जे पाहिलं नाही त्याला ती जबाबदार नव्हती. नऊ वर्षं ती याच हिशेबावर झोपली होती. पण नीपावाच्या मॅचनंतरचा तो सोमवार होता. सोमवारी दुसरा तास तिचा. डेरेक खिडकीशी बसला होता, बाहेर नुकत्याच पडलेल्या बर्फावर लख्ख ऊन, आणि त्याने डोळे मिटून घेतले होते. पोरं हसत होती. ती जवळ गेली तर म्हणाला, "मिसेस एस, उजेड टोचतोय." ती म्हणाली, "रात्री जागलास वाटतं," आणि पडदा ओढला. निळा, जाड, सुती पडदा, त्याच्या कड्या दांडीवरून सरकल्याचा आवाज. पडदा ओढून ती फळ्याशी परत गेली आणि पुढचा धडा घेतला, आणि त्याच संध्याकाळी ते वाक्य लिहिलं. एक निरीक्षण आणि एक निष्कर्ष, मध्ये फक्त सात तास. तिने ती दोन्ही एकमेकांशेजारी ठेवली नाहीत. एखाद्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर तिने त्याला नापास केलं असतं.

तिसऱ्या डावात आणखी चार काड्या पडल्या, सगळ्या उजवीकडे, सतरा. मग घड्याळात आठ मिनिटं उरली आणि आर्मां उठला. बियांची पिशवी गुंडाळली, पेला उचलला. वरच्या रांगेतले बाकीचे तिघं-चौघं पारखीही कोट चढवत होते. न ठरवता एकाच वेळी उठणाऱ्या माणसांची ती ओळखीची खसफस. "चल. पोर्टेज रस्त्यावर गाड्या तुंबतील."

"मी थांबते आज."

"का? कोण मेलं?" मग तिचा चेहरा बघून त्याने थट्टा गिळली. थोडा वेळ उभा राहिला, खाली बर्फाकडे न बघता. "हॅव्हीचं काय लिहिणारेस?"

"तू काय लिहिलंस?"

"मी आठ मिनिटं आधी निघतो, पोरी," आर्मां म्हणाला. "मला काय दिसणार?" आणि कठडा धरून, एकेक पायरी जपून उतरत, तो गेला.

त्या आठ मिनिटांत काही घडलं नाही. तिच्या मनाने काहीतरी मोठं घडण्याची तयारी केली होती, तो 'ओह', भिंतीचा आवाज, आणि ते आलं नाही. डेरेक तीन वेळा कोपऱ्यात गेला, तीनही वेळा चकती नीट बाहेर काढली. वीस. लिंडक्विस्टचा आवाज बसला होता. एकदा समोरचा गडी डाव्या अंगाने सुसाट आला आणि लिंडक्विस्ट स्वतःची जागा सोडून मध्ये घुसला, त्याचा मार स्वतः घेतला; पंचाने त्यालाच दोन मिनिटं बाहेर बसवलं आणि तो काही न बोलता गेला. मग भोंगा वाजला. डेरेकचा संघ जिंकला होता. खेळाडू गोलरक्षकाभोवती जमले, डोक्यावर टपल्या मारल्या, आणि रांगेने आपल्या बाकाच्या फाटकाकडे निघाले. फाटक डाव्या हाताला होतं. डेरेक भिंतीच्या कडेने हळूहळू येत होता, स्वतःशी हसत, काठी वर करून कुणाला तरी दाखवत. फाटक आलं आणि तो त्याच्यासमोरून पुढे निघून गेला. पुढे फक्त भिंत होती. तो दहा-बारा फूट गेला, थांबला, आणि समोर बघत उभा राहिला. त्याच्या मागून येणाऱ्यांपैकी कुणी हसलं नाही, कुणी हाक मारली नाही. शिक्षा संपवून आलेल्या लिंडक्विस्टने त्याच्या पाठीवर हातमोजा ठेवला आणि त्याला वळवलं, हलकेच, बोलणं न थांबवता. रोजचं काम करावं तसं. दोघं आत गेले. खुर्च्या जवळजवळ रिकाम्या होत्या. वरच्या रांगेत ती एकटी होती.

तिने वही मांडीवर घेतली. 'दोन्ही बाजूंनी खेळू शकतो' खोडलं. उजव्या रकान्यात लिहिलं : पाठमोरा असताना वीसपैकी वीस वेळा फक्त उजव्या खांद्यावरून बघतो. डावीकडचं जोडीदार सांगतो तेव्हाच कळतं. मॅचनंतर डावीकडचं फाटक दिसलं नाही. दिवसा, हातभर अंतरावरून, डावीकडे उभं असलेलं माणूस दिसलं नाही. मी डॉक्टर नाही. मोजलं ते लिहिलं आहे. याला खेळाडू म्हणून घेऊ नये, आणि आज तो ज्या क्लबात आहे त्यांना कळवून मेंदूच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्याला बर्फावर उतरू देऊ नये. मग तिने त्याखाली आणखी एक ओळ लिहिली : पंधरा वर्षांपूर्वीच्या अहवालातली 'सर्वांत मोठी जमेची बाजू' माझ्या हातची आहे. ती मी न बघता लिहिली होती. हे सगळं तिने थंडीने ताठरलेल्या बोटांनी फोनवर उतरवलं. पाठवण्याच्या खुणेवर अंगठा नेला आणि परत घेतला.

बाजूच्या दारापाशी चारच्या पुढे उजेड पिवळा झाला होता. उणे सव्वीस. श्वासाचे ढग उभेच्या उभे राहत होते. तो बाहेर आला, ओले केस टोपीखाली, खांद्याला पिशवी, आणि ती आपोआप त्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली. त्याला ती लगेच दिसली. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग ती कुठे उभी आहे ते पाहिलं.

"तुम्ही शेवटपर्यंत थांबलात," तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही लोक कधी थांबत नाही." त्याने पिशवी खाली ठेवली. "आम्हाला घड्याळ बघावं लागत नाही, मिसेस एस. वरची रांग उठली की कळतं आठ राहिली. मी बघतो वर. म्हणतो, चला, आता तेवढं सुटलं." तो हसायला गेला. "दिसलं ना?"

"दिसलं."

"जरा धूसर आहे डावीकडे. नोव्हेंबरपासून. कमी होतंय."

"कमी होतंय?"

तो बुटाच्या टोकाने बर्फ उकरत राहिला. "एक वर्ष," मग म्हणाला. "दोन नको. एक लिहा. लिंडीलाही घ्या म्हणावं, आम्ही जोडीने येतो. एक वर्ष, मिसेस एस. टॅरिनला काय सांगू मी?"

तिने त्याला नीपावाचं सांगितलं. दार एनारने धरलं होतं ते, फोन, ते वाक्य. सोमवारचा पडदाही सांगितला. तो डोकं किंचित कलतं ठेवून ऐकत होता, वर्गात ऐकायचा तसा. "मला ती मॅचच आठवत नाही," तो म्हणाला. "आई सांगते म्हणून माहीत. पडदा तर अजिबात नाही." आणि थोड्या वेळाने, तिचीच समजूत घातल्यासारखं, "तुम्ही पडदा लावलात ते चांगलंच केलंत की. टोचत असेल मला."

मग त्याने वर पाहिलं. रस्त्याच्या टोकाशी सूर्य छपरांना टेकत आला होता, हवेत बर्फाचे कण तरंगत होते. त्याचा चेहरा एकदम उजळला. "सनडॉग! बघा ना. तुम्ही शिकवलं होतंत. बावीस अंश. बर्फाच्या कणांची षट्कोनी पानं." त्याने हाताचा पंजा ताणून सूर्यापासून उजवीकडे अंतर मोजलं, त्या फिक्या, रंगीत ठिपक्यापर्यंत. "बरोब्बर. पण एकच आहे आज. दोन असतात ना एरवी?"

हेल्गाने पाहिलं. सूर्य होता, उजवीकडे एक खोटा सूर्य होता, आणि डावीकडे, तितक्याच अंतरावर, त्याहून ठळक, दुसरा. तिने हातमोजा काढला, फोन बाहेर घेतला आणि त्याच्यासमोर, तो बघत असताना, अहवाल पाठवला. बारीकसा आवाज झाला. त्याने तो ऐकला. मान हलवली, एकदाच, आणि पिशवी उचलली. पिशवी खांद्यावर घेताना त्याचा तोल जरा गेला.

"गाडी कुठे लावलीयस?"

"पलीकडे. रस्ता ओलांडून."

रस्त्यावर डावीकडून गाड्या येत होत्या, घासून घासून काच झालेल्या बर्फावरून, दिवे लावून. ती त्याच्या मागून वळसा घालून दुसऱ्या अंगाला गेली.

"डेरेक," ती आधी म्हणाली, "मी डावीकडे आहे." आणि मग कोपराला दोन बोटं लावली. या वेळी तो दचकला नाही.